हामिदला भूक लागली नव्हती का?

(वालूर, ता. सेलू, जि. परभणी येथे मुलांसाठी वाचन-वर्ग सुरू करणाऱ्या तरुण-तरुणींसमोर केलेलं भाषण)



तुम्ही मला बोलावलं ते एका नेमक्या अडचणीसाठी, म्हणून सुरुवातही तिथूनच करते. पाचवी ते नववीच्या मुलांना दर रविवारी गोष्टी सांगायच्या असं तुम्ही ठरवलंय. विषय घेतलाय गरिबी आणि माणुसकी. आणि तुमच्यातल्याच एकानं फोनवर विचारलं, "बाजी, वर्गात बसणारी निम्मी पोरं स्वतःच गरीब आहेत. त्यांना गरिबी काय समजवायची?"

हा प्रश्न मला आवडला. लहान पोराला गरिबाची गोष्ट सांगितली की ते रडतं, आणि आपल्याला वाटतं, चला, संस्कार झाला. बारा-तेरा वर्षांचं पोर तसं रडत नाही. ते इकडेतिकडे बघतं. आपल्या पायातली चप्पल आणि शेजाऱ्याच्या पायातला बूट त्याला दिसतो. बाप मोंढ्यावर हमाली करतो हे त्याला माहीत असतं आणि ते चारचौघांत निघू नये असंही वाटत असतं. या वयात गरिबी पोटापेक्षा डोळ्यांना जास्त टोचते. म्हणून या पोरांसाठी गोष्टही निराळ्या तऱ्हेनं सांगावी लागते.

एक गोष्ट घेते, तुम्हा सगळ्यांना ठाऊक असलेली. प्रेमचंदांची 'ईदगाह'. 1933 ची. उर्दू शाळेत, हिंदीच्या पुस्तकात, कुठे ना कुठे आपण ती वाचलेली असते. चार-पाच वर्षांचा हामिद, आईबाप नाहीत, दादी अमीना शिवणकाम करून त्याला वाढवते. ईदच्या जत्रेत बाकीची पोरं खेळणी घेतात, मिठाई खातात. हामिद तीन पैशांत चिमटा घेतो, कारण पोळ्या भाजताना दादीचे हात भाजतात. संपली गोष्ट. मग आपण विचारतो, "यातून काय शिकलात?" पोरं एका सुरात म्हणतात, "त्याग." सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण!

मी अनेक वर्षं ही गोष्ट वर्गात सांगते. एकदा सातवीतली एक मुलगी, कापूस वेचणीच्या दिवसांत आठवडा-आठवडा शाळेत न दिसणारी, मागच्या रांगेतून म्हणाली, "बाजी, हामिदकू भूक नै लगी क्या?"

वर्ग हसला. मी नाही हसले, कारण तिनं जिथं बोट ठेवलं ते गोष्टीत खरोखरच आहे. हामिद घरी येतो तेव्हा दादी आधी चिडतेच, की दुपार झाली, पोरानं काही खाल्लं नाही, प्यायलं नाही, आणि आणलं काय तर चिमटा! म्हणजे भूक होती. आपण शिकवणारे ती गाळून टाकतो, कारण भूक असली की त्याग तेवढा गोंडस दिसत नाही.

त्या दिवसापासून मी ही गोष्ट हिशेबासकट सांगते. प्रेमचंदांनी हिशेब दिलेला आहे. अमीनाला शिलाईचे आठ आणे मिळाले होते, ते ईदसाठी जपून ठेवले होते. पण गवळण दारात येऊन बसली, तिचं देणं चुकवावं लागलं. राहिले दोन आणे. तेव्हा एका आण्याचे चार पैसे, म्हणजे आठ पैसे. तीन हामिदच्या खिशात, पाच अमीनाच्या बटव्यात. त्या पाच पैशांत ईद करायची. फळ्यावर लिहा हे. मुलांना विचारा, या पाच पैशांत अमीनानं आधी काय आणायचं? माझ्या वर्गातली मुलं यावर तासभर भांडतात. किराणा दुकानातली उधारीची वही ज्यांच्या घरात रोजच्या बोलण्यात असते ती पोरं तेव्हा सगळ्यात हुशार ठरतात. एरवी गणितात मागे असलेला पोरगा सांगतो की गवळणीला निम्मेच द्यायचे, उरलेले पुढच्या आठवड्यात, आणि ते कसं बोलायचं तेही सांगतो. त्या तासाला गरिबी ही त्याच्यासाठी लाजेची गोष्ट राहत नाही. ते त्याचं ज्ञान ठरतं.

आणखी एक जागा आपण घाईत सोडून देतो. पाच पैसेवाल्या अमीनालाही काळजी आहे की धोबीण येईल, न्हावीण येईल, झाडूवाली येईल, बांगडीवाली येईल, आणि ईद आहे तर प्रत्येकीला शेवया द्याव्या लागतील. जिच्याजवळ काही नाही तीही देणारी आहे! माणुसकीच्या गोष्टीत आपण नेहमी श्रीमंत देणारा आणि गरीब घेणारा असं जोडपं लावतो. अकरा-बारा वर्षांच्या पोराला ते खोटं वाटतं, कारण त्यानं मोहल्ल्यात उलटं पाहिलेलं असतं. कुणाकडे मयत झाली की पहिला भाकरीचा डबा शेजारच्या पत्र्याच्या घरातूनच येतो.

आणि निर्दयपणाही सांगा, लपवू नका. मोहसिन हामिदपुढे रेवडी धरतो आणि त्यानं हात पुढे केला की स्वतःच खाऊन टाकतो. सगळे हसतात. वर्गात हे वाचलं की काही मुलं खाली मान घालतात. कुणी कुणाला असं केलंय ते त्यांचं त्यांना कळतं, आपण नावं विचारायची नाहीत. परतीच्या वाटेवर महमूदला बापाकडून केळी मिळतात, तो ती फक्त हामिदबरोबर वाटून खातो. का? दया आली म्हणून नव्हे. चिमट्याच्या बाजूनं हामिद असा काही वाद घालतो की सगळे गप्प होतात, त्याची वट वाढते, म्हणून. दयेनं मिळालेला घास आणि बरोबरीनं मिळालेलं केळं यातला फरक मोठ्या मुलांना अचूक कळतो. त्यांना तो शब्दांत पकडू द्या, तुम्ही पकडून देऊ नका.

आता एक खरी घटना सांगते. गाव सांगणार नाही. काही वर्षांपूर्वी रमजानमध्ये एका मंडळानं किट वाटले. गहू, तेल, डाळ, खजूर, शेवया. काम चांगलंच होतं. वाटताना फोटो काढले आणि ते स्टेटसला गेले. माझ्या आठवीच्या वर्गातला एक मुलगा दुसऱ्या दिवशी आला, आणि मधल्या सुटीत एकानं मोबाइल पुढे केला, "तेरे अब्बा फोटू में हैं." एवढंच. चिडवलंही नव्हतं त्यानं, नुसतं सांगितलं. मुलगा अकरा दिवस शाळेत आला नाही. मी घरी गेले तर त्याचे वडील म्हणाले, "मॅडम, किट वापस देने का सोचा, मगर तब तक आधा खा चुके थे."

हे वाक्य अजून माझ्या कानात आहे. मंडळातले तरुण वाईट नव्हते, तुमच्यासारखेच होते. फोटो कशासाठी, तर पैसे देणाऱ्यांना हिशेब दिसावा म्हणून. हिशेब पावतीनंही देता येतो. सूरह बकरामध्ये, 264 व्या आयतीत, दान करून उपकार बोलून दाखवणं आणि मन दुखावणं यानं ते दान वाया जातं असं स्पष्ट सांगितलंय, आणि पुढे 271 व्या आयतीत गुपचूप देणं अधिक चांगलं म्हटलंय. जुम्म्याच्या बयानात आपण हे ऐकतो आणि बाहेर येऊन कॅमेरा सुरू करतो.

पुढे मी नावगाव बदलून हीच घटना दुसऱ्या शाळेत गोष्ट म्हणून सांगितली आणि अर्ध्यावर थांबले. मुलांना म्हटलं, आता तुम्ही पुढे न्या. कुणी म्हणालं, रात्री दारात ठेवून यायचं. एक मुलगी म्हणाली, तसं केलं तर कुत्रं नेईल! एकजण म्हणाला, किराणा दुकानात जाऊन त्यांच्या नावावरची उधारी भरायची आणि दुकानदाराला सांगायचं, नाव काढायचं नाही. मग प्रश्न आला की दुकानदार बोलला तर? आणि एका मुलानं विचारलं, "ज्याला पाहिजे त्याला आधी विचारलं तर काय होईल?" मोठ्या माणसांच्या बैठकीत हा प्रश्न मी अजून ऐकलेला नाही.

मराठीतली एक गोष्ट सांगते. सानेगुरुजींनी 'श्यामची आई' लिहिलं तेही 1933 मध्येच, नाशिकच्या तुरुंगात. काही जण मला विचारतात, हे कोकणातल्या ब्राह्मण घरातलं पुस्तक, आपल्या मुलांना काय कामाचं? मी म्हणते, सावकाराचं कर्ज घर कसं खातं हे ज्याला समजायचंय त्यानं ते वाचावं. (आणि 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तकही त्याच माणसानं लिहिलंय, तेही शोधा.) त्यात एक प्रसंग आहे. महार समाजातल्या एका म्हातारीची मोळी रस्त्यात खाली पडते, तिला ती उचलवत नाही आणि कुणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे. पण घरी आल्यावर आंघोळ कर, असंही सांगते. लहान मुलांना सांगताना लोक ही आंघोळ वगळतात. मोठ्या मुलांना ती सांगाच. आई प्रेमळ होती का? होती. मग आंघोळ कशाला? एक माणूस चांगला असूनही रीत वाईट असू शकते, हे समजायला तेरावं वर्ष अगदी योग्य आहे. त्यानंतर आपल्या मोहल्ल्यातल्या रीती पाहायला सांगा. बिरादरीवरून कुणाच्या घरी पाणी पीत नाहीत, कुणाला लग्नात मागे बसवतात. आपल्यात असलं काही नाही असं म्हणून सुटू नका. मुलांना सगळं दिसतं.

आणि मुलं फक्त ऐकणारी नसतात. 1855 साली फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीनं आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिचं वय होतं चौदाच्या आसपास. म्हणजे तुमच्या आठवी-नववीच्या वर्गाएवढी. तिनं मदत मागितली नाही, जाब विचारला.

वालूरमध्ये तर गोष्टींचा साठा तुमच्या पायाशी आहे. ती चक्राकार बारव गावकऱ्यांनी श्रमदानानं मोकळी केली, लांबून लोक बघायला येतात, फोटो काढतात. तुम्ही मुलांना तिथे नेऊन पायऱ्यांवर बसवा आणि घरातल्या म्हाताऱ्यांना विचारायला प्रश्न द्या. पाणी कोण भरायचं? कोण वाट बघत थांबायचं? आडात पाणी राहिलं नाही तेव्हा काय केलं? सत्तरीच्या पुढचं कुणीही असलं तर बहात्तरचा दुष्काळ निघेलच. खडी फोडणं, नाला बांध, सुकडी, मिलोची लाल भाकरी. दादी-नानी हे दखनीत सांगतील, ते दखनीतच लिहू द्या, शुद्ध करायला जाऊ नका.

तिथं एक दुवा जोडा. त्या दुष्काळात लोकांना काम दिलं गेलं, आणि 1977 साली महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदाच केला. 2005 मध्ये देशासाठीही तसा कायदा आला. म्हणजे सुकडी वाटणारा भला माणूस वेगळा, आणि काम मागण्याचा हक्क वेगळा. आपल्या भागातून दिवाळीच्या सुमारास कोयत्यावर जाणारी कुटुंबं मुकादमाकडून उचल घेतात, ती फिटेपर्यंत ऊस तोडतात, आणि त्यांची पोरं शाळेच्या पटावर असूनही फडात असतात. अशा पोराला वही देणं चांगलंच आहे. पण वर्गातल्या मुलांना हेही विचारा की त्याच्या बापाला उचल का घ्यावी लागली. उत्तर लगेच येणार नाही. येऊ द्या सावकाश.

काही बारीक गोष्टी. वर्गात "इथं गरीब कोण आहे?" असं चुकूनही विचारू नका. एका रविवारी एकच गोष्ट. गोष्ट संपली की निदान मिनिटभर गप्प बसा, हे सगळ्यात अवघड आहे. तात्पर्य सांगू नका, ते सांगितलं की पोरं दप्तर आवरायला लागतात. आणि ज्या मुलाला बोलायचं नसेल त्याला चटई गुंडाळायचं काम द्या, तो पुढच्या वेळी बोलेल.

पहिल्या रविवारी 'ईदगाह' कोण सांगणार ते मात्र आत्ताच ठरवा. हिशेबासकट सांगायची आहे, त्यामुळे खडू आणि फळा लागेल. फळा नसेल तर मशिदीशेजारच्या खोलीतलं जुनं दार चालेल, त्याला काळा रंग लावा. आता तुमचे प्रश्न घेते.