तर्रीतलं सोयाबीन



मागच्या हिवाळ्यात एका सकाळी आमच्या अमरावतीच्या स्वयंपाकघरात पातेलंभर सोयाबीन भिजत होतं. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दर्यापूरकडच्या. सारा जन्म शेतीत गेलेला. त्यांनी पातेल्यात हात घालून पाहिला आणि म्हणाल्या, “हे कायले भिजवलं व? हे का मानसानं खायाचं हाय?”

त्यांचं तरी काय चुकलं? आपल्या वऱ्हाडात खरिपात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन. ज्वारी मागे हटली, मूग-उडीद धुऱ्याशी गेले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं सोयाबीनचे वाण काढले. त्यातला ‘पीडीकेव्ही अंबा’ तर आपल्या अमरावतीच्या संशोधन केंद्राचा. पण माल मळणीयंत्रातून पोत्यात, पोत्यातून बाजार समितीत आणि तिथून कारखान्यात. तेल तेवढं पिशवीतून घरी परत येतं आणि ढेप कोंबड्यांच्या खाद्यात जाते. १०० ग्रॅम दाण्यात जवळपास ४० ग्रॅम प्रथिनं असतात, तुरीच्या डाळीच्या दीडपटीहून जास्त. तरी तुरीला कोठीत जागा आहे, सोयाबीनला नाही.

हा प्रश्न जुना आहे बरं. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी आश्रमाच्या जेवणात सोयाबीन आणून पाहिलं होतं आणि ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलंही होतं. तेव्हा आपल्याकडे शेतात सोयाबीन नव्हतं. आता शेतात मावत नाही, आणि ताटात अजून आलेलं नाही.

मला त्या दिवशी करायचा होता मापो टोफू. चीनच्या सिचुआन प्रांतातला, छंगतू शहरातला हा पदार्थ. १८६२च्या सुमाराला तिथल्या एका पुलाजवळ छन आडनावाच्या कुटुंबाची खाणावळ होती. तेलाची ओझी वाहणारे हमाल तिथे जेवायला थांबत. घरच्या बाईच्या तोंडावर देवीचे व्रण होते, म्हणून लोक तिला ‘मापो’, म्हणजे व्रणांची म्हातारी, म्हणत. तिनं सोयाबीनच्या दुधाचं पनीर, म्हणजे टोफू, थोडा खिमा, भरपूर तेल आणि मिरची असं कालवण केलं, असं सांगतात. नाव काही फार सभ्य नाही, पण दीडशे वर्षांहून जास्त टिकलंय. आपल्या चौकातल्या चायनीजच्या गाडीवर हा पदार्थ शोधू नका. तिथलं मंचुरियन मुंबईत जन्मलेलं आहे.

आधी टोफू. पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवायचं. उन्हाळा असेल तर पाणी एकदा बदला, नाहीतर आंबूस वास येतो. सकाळी चोळून सालं काढा आणि कढत पाण्यात वाटा. कढतच. थंड पाण्यात वाटलं की तो कच्चा, गवताळ वास येतो, आणि त्या वासापायीच आपल्याकडे सोयाबीनचं नाव खराब झालंय. सगळं मिळून दोन लिटर पाणी होऊ द्या. पंचातून गाळून पिळून घ्या. हे दूध मंद आचेवर चांगलं दहा-पंधरा मिनिटं उकळायचं. कच्च्या सोयाबीनमध्ये पचन अडवणारं द्रव्य असतं, ते उकळण्यानंच जातं. फेस भराभर वर येतो, तेव्हा शेगडीपासून हलू नका. मी फोन घ्यायला गेले आणि ओटा धुवायचं काम वाढवून घेतलं. मग गॅस बंद, पाच मिनिटं थांबा, दोन लिंबांचा रस कपभर कोमट पाण्यात घालून तीन वेळा थोडाथोडा ओता. दूध फाटून पाणी वेगळं झालं की कापडात बांधा आणि वर वजन ठेवा. मी आधी खलबत्ताच ठेवला होता. टोफू झाला विटेसारखा. मापोला तो मऊ लागतो, म्हणून पाण्याचा तांब्या पुरे.

आता मसाला, आणि इथे थोडी कबुली. मूळ चवीचा जीव असतो तौबान्च्यांग या लाल चटणीत. बाकल्याचे दाणे बुरशीवर आंबवून, मिरची-मीठ घालून ते रांजणात महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं मुरवतात. ती चटणी माझ्याजवळ नव्हती. मी ओल्या लाल मिरच्यांचा ठेचा भरपूर मीठ घालून दहा दिवस बरणीत आंबवला आणि त्यात चमचाभर सोया सॉस मिसळला. ही तौबान्च्यांग नव्हे. पण कालवणात धकते.

दुसरी वस्तू हुआच्याओ. तिखट नव्हे, जीभ बधिर करणारी. हिची चुलत बहीण कोकणात आहे: तिरफळ, एकाच कुळातलं. कोकणी लोक ते बांगड्याच्या आमटीत टाकतात, आपल्याकडे कुणी ओळखत नाही. मुंबईहून येणाऱ्या कुणाला तरी मूठभर आणायला सांगा. आतलं काळं बी टाकून फक्त टरफल भाजून कुटायचं. लंडनच्या संशोधकांनी २०१३ साली हुआच्याओ लोकांच्या ओठांना लावून मोजलं, तर ती झिणझिण सेकंदाला सुमारे ५० कंपनांची भरली. आपण आपलं मुंग्या आल्या म्हणायचं.

टोफूचे तुकडे मिठाच्या गरम पाण्यात ठेवा, म्हणजे रश्श्यात फुटत नाहीत. कढईत शेंगदाण्याचं तेल, हात आखडू नका. मांसाहारी असाल तर खिमा परता. आमच्याकडे शनिवार होता, म्हणून मी गाळून उरलेला सोयाबीनचा चोथाच खमंग परतला, आणि खरं सांगते, काही बिघडलं नाही. मग ठेचा, लसूण, आलं. तेल लाल होऊन सुटलं की पाणी, टोफू, आणि झाऱ्यानं न ढवळता कढईच हलवायची. कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून दोन-तीन वेळा थोडंथोडं घाला. एकदम घातलं तर गोळे होतात आणि तेल नुसतं वर तरंगतं. शेवटी कुटलेलं तिरफळ आणि लसणाची पात. छंगतूतही पातच घालतात, आणि हिवाळ्यात ती आपल्या भाजीबाजारात जुडीनं मिळते.

आत्याबाईंनी पहिला घास भाकरीशी घेतला. थोडा वेळ गप्प. मग ओठांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “तोंडाले मुंग्या आल्या व माय! पन हे त पातोडीच होय. बेसनाची नाही, येवढंच.”

मऊ वडी, लाल तर्री, वर लसूण: बाईंनी बरोबर ओळखलं होतं. मिरची आपल्याकडेही बाहेरची आणि चीनकडेही. दोघांकडे ती अमेरिका खंडातून आली.

तर श्रोतेहो, यंदा सोयाबीन बाजार समितीत नेण्याआधी त्यातलं पाच किलो घरी काढून ठेवा. ते पोत्यातलंच घ्या. पेरणीचं उरलेलं, औषध लावलेलं बियाणं मात्र चुकूनही स्वयंपाकघरात आणू नका, कितीही धुतलं तरी ते खायचं नसतं.