ग्रंथ मानणे आणि ग्रंथ नाकारणे
(खर्डा येथे नवदीक्षित कुटुंबांपुढे केलेले भाषण)



दीक्षेनंतर आपल्या घरांतील देव उतरले. परंतु एखादी जुनी पोथी फडताळात राहून गेली. 'ती टाकली तर काही विपरीत घडणार नाही ना?' असे आयाबहिणी मला विचारतात. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माणूस धर्मग्रंथ का मानतो, याचे उत्तर त्यातच आहे.

मी वकील आहे. कोर्टात कागद पुढे आला की तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला, त्यास पुरावा काय, हे आम्ही विचारतो. धर्मग्रंथास हे विचारण्याची सोय नसते. मनुस्मृती आपल्या वाडवडिलांनी वाचली होती काय? त्यांना अक्षरापासूनच दूर ठेवले होते. तरीही तिचा अंमल त्यांच्यावर चालला. कारण पाणवठा आणि भाकरी दुसऱ्याच्या हाती होती. तो ग्रंथ वाचून नव्हे, तर भयाने मानला गेला.

तो नाकारला गेला तोही केवळ वादविवादाने नव्हे. 20 मार्च 1927 रोजी महाड येथे बाबासाहेबांमागोमाग आपले लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले. कोणावर देव कोपला नाही. कोपली ती माणसे. कोप कोणाचा, हे त्या दिवशी कळले. म्हणूनच 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृतीचे दहन होऊ शकले. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. अन्याय ओळखण्यास जात आड येत नाही. पुढे तळ्याच्या दाव्यात, अनादि काळापासूनची म्हटलेली रूढी सिद्ध झालेली नाही, असा निर्णय मुंबई हायकोर्टाने 1937 साली दिला. पुरावा मागताच रूढी टिकली नाही.

परंतु पुस्तक जळाले म्हणजे भयही जळाले, असे नव्हे. याच खर्ड्यात 28 एप्रिल 2014 रोजी 17 वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरिष्ठ जातीच्या मुलीशी बोलल्यावरून त्यास मारले, असा आरोप होता. नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. ते का फितूर झाले, याचा निवाडा मी येथे करीत नाही. प्रत्येकाने स्वतःच्या मनास एवढेच विचारावे : उद्या माझ्यावर साक्षीची पाळी आली, तर डोळ्यांनी पाहिलेले मी सांगेन काय? ज्या दिवशी याचे उत्तर निःशंकपणे 'होय' असे येईल, त्या दिवशी मनुस्मृती आपल्या मनातून गेली असे समजा.

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की, परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो, एवढ्यावरून काही मानू नका, स्वतः पारखा. हा उपदेश आपल्या ग्रंथासही लागू आहे. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ वस्त्रात गुंडाळून, फुले वाहून ठेवू नका. दर रविवारी घरात चार पाने वाचा. लेकींना वाचू द्या, त्यांना शंका विचारू द्या.

आणि फडताळातील ती पोथी? ती भयाने ठेवू नका, रागाने फेकू नका. उघडा, वाचा आणि मग ठरवा.

जय भीम!