हिशेबाची वही हेच तारण



मिरजेतील सतारमेकरांची गल्ली आपणांस ठाऊक आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात काळ ओळखून सतार-तंबोरे घडविण्याची विद्या आत्मसात केली. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन लाभले. कला आहे, नाव आहे. मग अडते कोठे? भोपळे हंगामात घेऊन वाळवावे लागतात, लाकूड मुरवावे लागते. वाद्य विकले जाईपर्यंत पैसा त्यात अडकून पडतो. अशा वेळी पुष्कळ कारागीर सावकाराकडे वळतात, कारण बँकेत दाखवायला त्यांच्याजवळ वही नसते.

सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे उदाहरण पाहा. तेथील स्त्रियांनी चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने बँकेचा परवाना मागितला. अनेक सभासद निरक्षर, म्हणून रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. त्या खचल्या नाहीत. अक्षरे गिरवली आणि व्याजाचा तोंडी हिशेब अधिकाऱ्यांपुढे करून दाखविण्याची तयारी ठेवली. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

२०१५ पासून मुद्रा योजनेत लहान धंद्याला तारणाशिवाय कर्ज मिळू शकते. मात्र हप्ता धंद्याच्या मिळकतीतून फिटेल, हे कागदावर दिसावे लागते. आणि धंद्याचे कर्ज लग्नात खर्चू नये. पालकहो, मुलांच्या हाती हुन्नर जरूर द्या, पण जमाखर्चही शिकवा. विद्यार्थ्यांनो, आज घरी गेल्यावर वडिलांच्या धंद्याची वही तुम्ही लिहायला घ्या.