विद्यार्थी : ग्राहक की भागीदार?



उच्च शिक्षणावर कापडाच्या व्यापाऱ्याने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु विद्यापीठांचा इतिहास वाचताना मला पदोपदी पेढीच दिसली. इटलीतील बोलोन्या विद्यापीठाची स्थापना परंपरेने इ. स. १०८८ मधील मानतात. मध्ययुगात तेथे कायदा शिकण्यासाठी दूरदेशींहून आलेल्या विद्यार्थ्यांनी आपले संघ स्थापन केले आणि प्राध्यापकांवर हुकमत चालविली. प्राध्यापकाने वर्षारंभी सावकाराकडे अनामत ठेवायची. नेमलेला भाग मुदतीत शिकवून झाला नाही, तर तिच्यातून दंड वसूल व्हायचा. श्रोते पाचांहून कमी आले तरी दंड! (हा नियम आपल्या सभांना लावला तर वक्तेच मिळणार नाहीत.)

हिशेब चोख होता, हे मान्य. तरीही तो आदर्श मला रुचत नाही. तेथे विद्यार्थी धनी झाला आणि गुरू चाकर.

याहून निराळा मार्ग स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात दिसतो. पर्यावरण आणि विकास यांचे प्रश्न एका विषयाच्या चौकटीत मावत नाहीत, असे १९९० च्या दशकारंभी तेथील काही विद्यार्थ्यांना वाटले. केवळ तक्रार करून ते थांबले नाहीत. त्यांच्या पुढाकाराने ‘मानव आणि निसर्ग’ हा अभ्यासक्रम १९९२ मध्ये सुरू झाला. त्यातूनच पुढे ‘सेमुस’ हे केंद्र उभे राहिले. तेथे विद्यार्थ्यांनाच वेतन देऊन अभ्यासक्रम-संयोजक नेमतात. काय वाचावे, कोणास व्याख्यानास बोलवावे, चर्चा कशी घडवावी, हे ते आखतात. प्राध्यापक व संशोधक त्यांना सल्ला देतात.

“मग गुणही मुलेच देतात काय?” असे व्यवहारी माणूस विचारणारच. नाही. स्वीडनच्या नियमानुसार तो अधिकार विद्यापीठाने नेमलेल्या शिक्षक-परीक्षकाकडेच असतो. भागीदारीपत्रात सह्यांचे अधिकार वेगळे नमूद करतात, तसेच हे.

बी.कॉम.च्या वर्षांत आम्हांस कोणी काही विचारले नाही. मार्गदर्शिका पाठ केल्या, उत्तीर्ण झालो. शेजारच्या बाकावरील मुलगा काय विचार करतो, हे जाणण्याची गरजच पडली नाही. अभ्यासक्रम आखणाऱ्या विद्यार्थ्यास मात्र व्याख्याता निवडण्यापूर्वी त्या विषयातील परस्परविरोधी मते वाचावी लागतात आणि अमुक एकासच का बोलवायचे, हे सहकाऱ्यांस पटवून द्यावे लागते. वाद होतात, तडजोड होते. त्यातूनच एकमेकांकडून शिकणाऱ्यांचा समुदाय घडतो, असे मला वाटते.

अडचण एकच मोठी आहे. विद्यार्थी-संयोजक काही काळाने निघून जातो. जाणारा मुनीम नव्याला वह्या समजावून देतो, तसे त्याने काय जमले, काय फसले, हे लिहून ठेवले पाहिजे. नाहीतर नव्या संयोजकास सारी मांडामांड पहिल्यापासून करावी लागेल.