साठ सेकंदांची सभा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचा मजकूर)

तालुक्याच्या एस.टी. स्थानकावर संध्याकाळी घटकाभर उभे राहिले, तरी एक गोष्ट ध्यानात येते. बाकावर टेकलेला शेतमजूर, शिकवणीहून परतणारी मुलगी, गाडी सुटण्याची वाट पाहणारा कंडक्टर, प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे आणि अंगठा खालून वर सरकतो आहे. दर अर्ध्या मिनिटाला नवे चित्र, नवा आवाज. त्याच स्थानकाच्या भिंतीवर डकवलेले पक्षाचे पत्रक वाचायला मात्र कोणी थांबत नाही. यावर 'लोक बिघडले' असा निकाल देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण अशा निकालाने कार्यकर्त्याची समजूत पटते, काम पुढे सरकत नाही.

लोक जिथे रमतात तिथे जाऊन बोलावे, हा महाराष्ट्रातील परिवर्तनाच्या चळवळींचा जुना शिरस्ता आहे. सत्यशोधकांनी तमाशाचा बाज उचलून जलसे उभे केले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने लोकनाट्य हाती घेतले. निळू फुले, दादा कोंडके यांच्यासारखे कलावंत त्या कलापथकात वावरलेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या शाहिरीने जे साधले, ते नुसत्या ठरावांच्या भाषेने खचित साधले नसते. तमाशाला हलके मानून नाके मुरडणारे तेव्हाही होतेच. रीलविषयीची आजची नापसंती पुष्कळशी त्याच जातीची आहे. एक फरक मात्र विसरता येणार नाही. जलशाचा मांडव कार्यकर्त्यांचा स्वतःचा असे. रीलचा मांडव दुसऱ्याच्या मालकीचा आहे.

हा मालक कोण आणि त्याचा धंदा कोणता, हे नवशिक्याने आधी समजून घ्यावे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, स्पर्धेत इंटरनेटचे दर कोसळले आणि खेड्यापाड्यांतला मोबाईल चित्रे दाखवू लागला. टिकटॉक या चिनी कंपनीच्या ॲपवर गावोगावची मुले-मुली अभिनय करू लागली. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली आणि त्या मुलांनी जमवलेला सारा प्रेक्षकवर्ग एका हुकमासरशी नाहीसा झाला. मोकळी झालेली जागा भरायला वेळ लागला नाही. त्याच जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स आणले. पहिल्याची मालक मेटा, दुसऱ्याची गूगल. दोघींची मुख्य कमाई जाहिरातींची. म्हणून जी चित्रफीत प्रेक्षक शेवटपर्यंत पाहतो आणि दुसऱ्याला धाडतो, ती त्यांची यंत्रणा पुढे ढकलते. आरंभी पंधरा सेकंदांची असलेली मर्यादा पुढे तीन मिनिटांवर गेली; उद्या ती पुन्हा बदलेल. सबब, मूळ चित्रण आपल्याजवळ जपून ठेवावे आणि माणसांचे पत्ते आपल्या वहीत असावेत.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळणे योग्य होईल. तासभर बोलण्याची सवय जडलेल्या कार्यकर्त्याला साठ सेकंद म्हणजे अन्याय वाटतो. एका मिनिटात शे-सव्वाशे शब्द मावतात. त्यांत देशाची परिस्थिती मावत नाही. मावते ती एक गोष्ट. रेशनचेच उदाहरण घ्यावे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळावयास हवे, अंत्योदय कुटुंबाला एकूण पस्तीस किलो. आणि १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. नवशिका कार्यकर्ता सुरुवात करतो ती बहुधा अशी: "नमस्कार, आज आपण सार्वजनिक वितरण व्यवस्थेविषयी चर्चा करणार आहोत." 'वितरण' हा शब्द पुरा होण्यापूर्वीच अंगठा सरकलेला असतो. तेच वाक्य असे टाकावे: "घरात माणसे पाच, तर धान्य पंचवीस किलो. तुमच्या पिशवीत किती पडले?" मग कायद्यातला हक्क, मग यंत्रातून निघणारी पावती मागण्याची सूचना आणि शेवटी तक्रार घेऊन कुठे यावे त्याचा पत्ता व वार. चार वाक्ये, एक मिनिट. ही चार वाक्ये आधी कागदावर लिहावीत, मोठ्याने वाचावीत, आणि ज्या वाक्यावाचून काही अडत नाही ते खोडावे.

यंत्रसामग्रीचा बाऊ करण्याचे कारण नाही. साधा मोबाईल पुरतो. तो उभा धरावा, कारण पाहणाराही तो उभाच धरतो. कॅमेऱ्याची काच धोतराच्या वा ओढणीच्या टोकाने पुसून घ्यावी. निम्मी चित्रे केवळ बोटांच्या डागांनी अंधूक झालेली असतात. खिडकी पाठीशी ठेवली तर चेहरा काळा पडतो, म्हणून उजेडाकडे तोंड करावे. हात थरथरत असेल तर मोबाईल विटांच्या चळतीला टेकवावा. चित्र थोडे उणे असले तरी लोक चालवून घेतात, आवाज कळला नाही तर नाही. वाहत्या रस्त्याचा आणि वाऱ्याचा त्रास टाळण्यासाठी आडोसा पाहावा, मोबाईल हातभर अंतरावर असावा, किंवा इअरफोनच्या वायरीवरचा माईक तोंडाशी आणावा. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून बोललेले शब्द ठळक देवनागरीत पडद्यावर उमटवावेत. यंत्राने आपोआप उमटवलेले मराठी तपासल्याशिवाय सोडू नये. अगदी तळाशी अक्षरे घालू नयेत, तिथे ॲपची बटणे व मजकूर येतो. चित्रपटातले गाणे मागे लावण्याचा मोह टाळावा. ते दुसऱ्याच्या हक्काचे असते आणि बोलणेही बुडवते. पहिल्या पाच-दहा फिती फसतील. त्या फसू द्याव्यात. पहिले भाषण कोणाचे रंगले होते?

यापुढचा मुद्दा तंत्राचा नाही, आणि खरे तर त्यासाठीच हा सारा विषय शिबिरात घ्यावा लागतो. कार्यकर्ता रेशनच्या रांगेत जातो. एक वृद्ध बाई पिशवी उघडून दाखवते. पंचविसाऐवजी अठरा किलो. ती चिडलेली आहे, तिचे बोलणे धारदार आहे, चेहरा बोलका आहे. कॅमेऱ्याला याहून अधिक काय हवे? चित्रफीत रातोरात तालुकाभर फिरेल. पण पुढल्या महिन्यात त्या बाईला त्याच दुकानदाराच्या दारात उभे राहायचे आहे. अंगठा उमटत नाही, धान्य आले नाही, उद्या या, असे सांगणे त्याच्या हाती आहे. कार्यकर्ता तालुक्याला परततो, बाई गावातच राहते. तिच्या धैर्यावर आपली लोकप्रियता उभारणे हाही शोषणाचाच एक प्रकार आहे, मग पडद्यावर घोषणा कोणतीही असो.

म्हणून नियम कडक असावेत. चित्रण करण्यापूर्वी विचारावे, आणि ते कोण-कोण पाहू शकेल हे स्पष्ट सांगून विचारावे. तयार झालेली फीत तिला दाखवावी. ती 'नको' म्हणाली तर तिथेच पुसावी. पुष्कळदा चेहऱ्याची गरजच नसते: पिशवी, काटा आणि क्रमांक झाकलेली पावती पुरेशी बोलते, आणि आरोपाची जबाबदारी कार्यकर्त्याने स्वतःच्या तोंडाने घ्यावी. रेशनकार्ड आणि आधार यांवरचे आकडे कधीही दिसू नयेत. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ अन्वये गुन्हाच आहे, आणि बालकांबाबत २०१२ चा पोक्सो कायदा तसाच कठोर आहे. 'न्याय मिळावा म्हणून दाखवले' ही सबब तिथे कामाची नाही.

दुसरा मोह संतापाचा. संताप लवकर पसरतो हे कार्यकर्त्याला महिन्याभरात कळते, आणि मग आवाज चढू लागतो, अठरा किलोचे दहा किलो होतात, दुसऱ्या जिल्ह्यातले जुने चित्र आजचे म्हणून खपवले जाते. एकदा खोटे उघडे पडले की खऱ्या पिशवीवरही कोणी विश्वास ठेवीत नाही. नुकसान त्या बाईचे होते. प्रत्येक फितीवर गाव आणि तारीख असावी. दुकानदाराची बाजू विचारावी. धान्य वरूनच कमी आले असेल तर तेही सांगावे. चूक झाली तर दुसऱ्या फितीत तशी कबुली द्यावी.

शेवटी हिशेबाचा प्रश्न राहतो. ॲप दररोज सांगते की इतक्या हजारांनी पाहिले. हा आकडा सुखावतो आणि फसवतो. चळवळीचा हिशेब वेगळा मांडावा लागेल: फीत पाहून किती जणांनी पावती मागितली? गुरुवारी किती जण पावती घेऊन कार्यालयात आले? तहसील कचेरीत किती अर्ज दाखल झाले, आणि किती पिशव्यांचे वजन पुरे भरले? दहा हजारांनी पाहून कोणी आले नाही, तर ती करमणूक झाली. दोनशे जणांनी पाहून सात जण आले, तर सभा यशस्वी झाली असे समजावे.

मित्रहो, त्या सातांसाठी कार्यालयाचे दार उघडे हवे आणि आत बसलेला माणूस हवा. गुरुवारचा पत्ता देऊन गुरुवारी कुलूप दिसले, तर तो माणूस पुन्हा येत नाही, आणि त्यासाठी कोणत्याही कंपनीला दोष देता येणार नाही.