चार पानांची गोष्ट आणि रविवारचा फोन

आज मला बारा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय, ‘मुलांचा अभ्यास आणि आपण’. गणिताबद्दल बोलायचं असतं तर मी जरा ऐटीत बोललो असतो. पण आमच्या घरी गाडी अडली ती इंग्रजीच्या तासाला, एका चार पानांच्या गोष्टीपाशी. लेखक लियम ओ’फ्लाहर्टी, गोष्टीचं नाव ‘द स्नायपर’. इथे आयर्लंडमधल्या शाळांत ती शिकवतात आणि अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या मुलांनाही आठवी-नववीच्या सुमारास ती भेटते. एक सूचना आधीच देतो. मी गोष्टीचा शेवट सांगणार आहे. ज्यांच्या मुलांची ही गोष्ट वर्गात अजून व्हायची आहे, त्यांनी मुलांना थोडा वेळ स्वयंपाकघरात पाठवावं. भांडी असतीलच.

आमची लेक इथे डब्लिनमध्ये माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका गुरुवारी ती छापील कागद घेऊन आली. गृहपाठ असा होता : गोष्टीतल्या बंदूकधाऱ्यानं त्या रात्री आपल्या आईला पत्र लिहिलं, तर काय लिहिलं असतं? ते पत्र लिहा. म्हणाली, “बाबा, जरा मदत कर ना.”

आता माझं इंग्रजी झालं सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या हायस्कुलात, तेही गाईडवर. धड्याखाली तात्पर्य तयार, पाच मार्कांचं उत्तर तयार. त्या सवयीनं मी चार पानं उभ्या उभ्या वाचली आणि निकाल दिला. “सोपं आहे. युद्ध वाईट असतं, भावानं भावाला मारू नये. लिही.”

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “म्हणजे दुसऱ्या कुणाला मारलं तर चालेल?”

मी खाली बसलो आणि गोष्ट पुन्हा वाचली. तुम्हालाही थोडक्यात सांगतो.

जून महिना, डब्लिनची संध्याकाळ सरून रात्र पडते आहे. ओ’कॉनेल पुलाजवळच्या एका छपरावर एक तरुण बंदूक घेऊन दबा धरून बसलाय. चेहरा एखाद्या विद्यार्थ्यासारखा, डोळे मात्र मरण बघायची सवय झालेले. सकाळपासून पोटात काही नाही, म्हणून तो अधाशासारखं सँडविच खातो. मग सिगारेट पेटवायचा मोह होतो. काडीचा उजेड दिसायला एक क्षण पुरतो आणि समोरच्या छपरावरून गोळी येते. तिथेही त्याच्यासारखाच एक जण बसलाय. खाली रस्त्यावर चिलखती गाडी येते. फाटकी शाल पांघरलेली एक म्हातारी गाडीतल्या सैनिकाला बोटानं छप्पर दाखवते. हा त्या सैनिकाला मारतो, पळणाऱ्या म्हातारीलाही मारतो. तेवढ्यात समोरून गोळी येऊन याच्या हातात घुसते. आता बंदूक उचलवत नाही. मग तो बंदुकीच्या टोकावर टोपी ठेवून वर धरतो. समोरचा टोपीवर गोळी झाडतो. हा बंदूक खाली सोडून देतो, मेल्याचं सोंग करतो. समोरचा फसतो आणि उभा राहतो. हा पिस्तुलानं नेम धरतो. समोरचा छपरावरून खाली रस्त्यावर पडतो. नंतर हा उतरून, कोण होता तो म्हणून बघायला जातो. प्रेत उलटं करतो, तर तो त्याचा भाऊ.

गोष्ट तिथेच संपते. पुढे एक ओळ नाही.

लेकीचा पहिला प्रश्न होता, भाऊ समोरच्या छपरावर गेलाच कसा? ते गोष्टीत नाही, इतिहासात आहे. आयर्लंड हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांना शाळेत ‘होमरूल’ या शब्दातून भेटलेलं असतं. लोकमान्य टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीग स्थापन केली. तो शब्द आयर्लंडचा. त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला. पुढे १९१९ पासून १९२१ पर्यंत आयरिश तरुण इंग्रजांविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढले. मग ६ डिसेंबर १९२१ ला तह झाला. २६ परगण्यांना स्वतःचं राज्य मिळालं, पण इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ राहिली. काही म्हणाले, मिळतंय ते घ्या, बाकीचं पुढे बघू. काही म्हणाले, ही फसवणूक आहे. इथल्या संसदेत, म्हणजे डॉलमध्ये, मतं पडली ६४ विरुद्ध ५७. सैन्यही दुभंगलं. तहविरोधकांनी लिफी नदीकाठची फोर कोर्ट्स ही न्यायालयाची इमारत ताब्यात घेतली आणि २८ जून १९२२ ला नव्या सरकारच्या तोफा तिच्यावर धडाडल्या. गोष्टीतल्या त्या रात्री ऐकू येणाऱ्या तोफा याच.

लेखकानं हे लांबून ऐकलेलं नव्हतं. ओ’फ्लाहर्टी १८९६ साली पश्चिमेच्या ॲरन बेटांवर जन्मले. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिश सैन्यात होते आणि १९१७ मध्ये जखमी झाले. डब्लिनच्या त्या लढाईत ते तहविरोधकांच्या बाजूला होते. नंतर ते लंडनला गेले आणि जानेवारी १९२३ मध्ये तिथल्या एका साप्ताहिकात ही गोष्ट छापून आली. त्या वेळी यादवी चालूच होती. ती संपायला मे उजाडला.

आणि सख्खे भाऊ समोरासमोर, हे लेखकानं डोक्यातून काढलेलं नाही. कॉर्कचे हेल्स बंधू बघा. शॉन हेल्स तहाच्या बाजूचे संसद सदस्य, तर टॉम हेल्स तहाच्या विरोधात. २२ ऑगस्ट १९२२ ला मायकेल कॉलिन्स ज्या हल्ल्यात मारले गेले, त्या हल्ल्याची आखणी टॉमची. डिसेंबरात शॉनला डब्लिनच्या रस्त्यावर तहविरोधकांनी गोळ्या घातल्या. त्याचा सूड म्हणून दुसऱ्याच दिवशी सरकारनं चार कैद्यांना खटला न चालवता मृत्युदंड दिला. त्यात रोरी ओ’कॉनर होते. त्या आदेशाला संमती देणाऱ्या मंत्र्यांत केव्हिन ओ’हिगिन्स होते. आदल्याच वर्षी ओ’हिगिन्स यांच्या लग्नात रोरी ओ’कॉनर नवरदेवाच्या शेजारी उभे होते, आपल्या भाषेत करवला म्हणून.

लेकीनं विचारलं, “मराठीत याला काही शब्द आहे का? भावाभावांच्या भांडणाला?”

म्हटलं, आहे. भाऊबंदकी.

ती म्हणाली, “म्हणजे ब्रदरहूड?”

नाही गं बाई. शब्द तसाच वाटतो खरा, पण अर्थ उलटा. मग मला कर्ण आठवला. अर्जुनानं त्याला मारलं तेव्हा तो आपला भाऊ आहे हे पाच पांडवांपैकी एकालाही माहीत नव्हतं. युद्ध संपल्यावर, मेलेल्यांना पाणी सोडायच्या वेळी कुंतीनं सांगितलं. लेक लगेच म्हणाली, “तिथे आईला माहीत होतं. इथे आईलाच सांगायचंय.” आणि पेन्सिल चावत बसली.

शनिवारी आम्ही ओ’कॉनेल पुलावर गेलो. पुलाच्या टोकाशी डॅनियल ओ’कॉनेल यांचा पुतळा आहे, खाली पंखवाल्या स्त्रियांच्या मूर्ती आहेत. त्यांच्या अंगावर गोळ्यांची भोकं अजून आहेत. ती १९१६ ची असं सांगतात. तिथून नदीकाठानं फोर कोर्ट्सचा हिरवा घुमट पायी पंधरा मिनिटांवर. गोष्टीत दोन छपरांमधलं अंतर सुमारे पन्नास यार्ड आहे, म्हणजे पंचेचाळीस मीटर. लेकीनं मला पदपथावर पावलं मोजत तेवढं लांब पाठवलं आणि वळून उभं राहायला सांगितलं. परत आलो तर म्हणाली, “तू ओळखू आलास. चेहऱ्यावरून नाही, उभं राहण्यावरून.” थोडं थांबून म्हणाली, “पण अंधार असता आणि तू भिंतीआड असतास, नुसती टोपी दिसत असती, तर नाही.”

घरी येऊन तिनं मला दोन जागा दाखवल्या. माझ्या नजरेतून त्या निसटल्या होत्या. पहिली : शत्रू पडताना बघून त्या तरुणाला शहारे येतात, तो युद्धाला शिव्या देतो, स्वतःला शिव्या देतो. तेव्हा मेलेला कोण आहे हे त्याला ठाऊकच नाही. म्हणजे पश्चात्ताप भाऊ म्हणून झालेला नाही, माणूस म्हणून झाला. आणि तो गेला कशानं, तर फेकलेल्या पिस्तुलातून सुटलेली गोळी डोक्याजवळून गेल्याच्या धक्क्यानं. दुसरी जागा : खाली उतरल्यावर त्याच्या मनात येतं की हा चांगला नेमबाज होता, फूट पडायच्या आधी कदाचित आपल्याच तुकडीत असेल. म्हणजे आपला कुणीतरी असेल ही शंका त्याला आली, पण गोळी घातल्यानंतर. “आणि त्या म्हातारीला तर त्यानं उलटवून बघितलंच नाही,” लेक म्हणाली. “तिचाही कुणी भाऊ असेलच ना.”

तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिचं तिलाच सापडलं होतं. पत्र मात्र अडलेलंच होतं. मग तिनं मला सरळ विचारलं, “बाबा, भाऊ एकमेकांशी बोलायचं बंद कसे करतात? तुला माहीत असेल ना.”

मंडळी, हे पुढचं मी दादाला विचारून सांगतोय. तो म्हणाला, “सांग, पण घराची किंमत सांगू नको.”

आमचे वडील गेल्यावर गावचं जुनं घर विकायचं दादानं ठरवलं. मी इथून फोनवर विरोध केला. मी म्हणालो, मला न विचारता कसं ठरवतोस? तो म्हणाला, दर महिन्याला पैसे पाठवले म्हणजे मुलगा होता येत नाही. मीही त्याला एक वाक्य बोललो, ते इथे सांगण्यासारखं नाही. घर विकलं नाही, पडून राहिलं, आणि आमचं बोलणं थांबलं. सहा वर्षं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघंही आहोत. त्यानं गणपतीचा फोटो टाकला की मी दुसऱ्या कुणाच्या तरी फोटोला हात जोडायचो.

आई दादाकडेच असते. दर रविवारी मी तिला फोन करतो. तिच्या गुडघ्यांबद्दल, पावसाबद्दल, शेजारच्या म्हशीबद्दल बोलतो. पाठीमागे दादाच्या खोकल्याचा आवाज येतो. आई कधी म्हणाली नाही, दादाशी बोल. मीही कधी म्हटलं नाही, त्याला दे.

हे सगळं मी लेकीला सांगितलं. तिला यातलं बरंचसं आधीच माहीत होतं. मुलांना असतं. ती म्हणाली, “म्हणजे आजीला दोघांचं ऐकू येतं.” आणि खोलीत जाऊन तिनं पत्र लिहिलं. सगळं वाचून दाखवणार नाही, ते तिचं आहे. एवढंच सांगतो की त्या पत्रात तो मुलगा आईला भाऊ गेल्याचं सांगतच नाही. फ्लास्क, सिगारेट, हाताची जखम, सगळं लिहितो, आणि भावाचा विषय आला की दरवेळी पावसाबद्दल लिहितो. जूनमध्ये, पाऊस नसताना. बाईंनी समासात विचारलं, ही पावसाची कल्पना कुठून आली? लेकीनं खाली लिहिलं, घरून.

पुढच्या रविवारी मी आईला फोन लावला. गुडघे झाले, म्हैस झाली. मग म्हटलं, “दादा आहे का तिथं?” पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला. “बोल,” दादा म्हणाला. आम्ही चार मिनिटं बोललो, तेही पावसाबद्दलच. घराचा विषय अजून निघालेला नाही. तो निघेल तेव्हा पुन्हा आवाज चढणार, हे दोघांनाही माहीत आहे. पण आता निदान कोण बोलतंय ते दिसेल.

तर ‘मुलांचा अभ्यास आणि आपण’ या विषयावर मला एवढंच सांगायचंय. मुलांनी गोष्ट आणली की तात्पर्य सांगायची घाई करू नका. मीही तेच केलं होतं आणि ते चुकलं. गोष्ट सोबत बसून वाचा, मोठ्यानं वाचा, जमलं तर दोनदा. इंग्रजी उच्चार चुकले तर मुलं हसतील, हसू दे. गोष्ट सुरू होण्याआधी काय घडलं असेल ते विचारा, त्यात तुमच्या घरातलं काहीतरी निघतंच. आणि त्यांनी तुम्हाला उलटा प्रश्न विचारला, तर उत्तर देण्याआधी खाली बसा.

स्वयंपाकघरात पाठवलेल्या मुलांना आता बाहेर बोलवायला हरकत नाही. भेटू पुन्हा. नमस्कार.