बातमी छापणाऱ्याची बातमी कोण छापणार?

(सुरत येथे वृत्तपत्र कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



वर्तमानपत्रात जगातील यच्चयावत अन्यायाला जागा असते. कोठे गिरणीला टाळे लागले, कोठे शिक्षकांचे पगार थकले, कोठे मंदीच्या लाटेत हिऱ्याच्या घंट्या थांबून कारागीर गावाकडे परतले, हे सारे त्यात छापून येते, आणि आलेच पाहिजे. परंतु ज्या कचेरीत हे सारे लिहिले जाते, त्याच कचेरीतून काल संध्याकाळी चार उपसंपादक, दोन छायाचित्रकार आणि छापखान्यातील आठ माणसे घरी पाठविली गेली, ही बातमी त्या वर्तमानपत्राच्या कोणत्या पानावर वाचावयास मिळते? पहिल्या पानावर नाही, शेवटच्या पानावर नाही, निधनवार्तांच्या रकान्यातसुद्धा नाही! साऱ्या जगाला वाचा देणारा हा माणूस स्वतःच्या घरी मुका आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

हा विषय बोलावयाला सुरतेइतके योग्य गाव शोधून सापडणार नाही. सतराव्या शतकात येथील भीमजी पारेख नावाच्या व्यापाऱ्याने देशी लिपीत ग्रंथ छापण्याचा ध्यास घेतला. त्याच्या आग्रहावरून ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ च्या सुमारास हेन्री हिल्स नावाचा मुद्रक छापण्याच्या यंत्रासह मुंबईस धाडला. त्याला वर्षाला ५० पौंड पगार ठरला होता. हा मुद्रक छपाईत वाकबगार होता. परंतु देशी लिपीचे खिळे पाडण्याची कला त्याला अवगत नव्हती. ती मुळी त्याची विद्याच नव्हे! तरीसुद्धा काम अडले तेव्हा बोट दाखविले गेले ते त्याच्याकडेच. मुद्रक आणि ओतारी हे दोन वेगळे कारागीर आहेत, हे भरती करणाऱ्यांनी विचारात घेतले नव्हते. साडेतीनशे वर्षे लोटली, तरी हा न्याय बदललेला नाही. धोरण ठरविणाराचे चुकते आणि दोष यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला लागतो.

त्याच सुरतेत १८६३ साली 'गुजरातमित्र' निघाले आणि आजतागायत चालू आहे. पुढच्याच वर्षी ह्या गावच्या नर्मदने 'डांडियो' काढून समाजाला खडबडून जागे केले. ह्याच सुरतेत डिसेंबर १९०७ मध्ये काँग्रेस दुभंगली आणि त्या रणधुमाळीत 'केसरी'चे संपादक लोकमान्य टिळक मंचावर उभे होते. त्यानंतर सात महिन्यांनी, जुलै १९०८ मध्ये, अग्रलेखांच्या अपराधाबद्दल टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी काय केले? त्यांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. पोटाला चिमटा घेतला, गोळ्या झेलल्या. त्या कामगारांपैकी किती जणांना 'केसरी' वाचता येत होता? फारच थोड्यांना. परंतु लेखणीवर घाव पडला म्हणजे तो आपल्यावरच पडला, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

ही परंपरा त्याच्याही आधीची आहे. नारायण मेघाजी लोखंडे १८८० पासून 'दीनबंधु' चालवीत होते आणि त्यांनीच १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आज आपण रविवारी जी सुटी घेतो, तिच्यामागे १८९० सालचा लोखंड्यांचा विजय आहे. वर्तमानपत्र आणि कामगार चळवळ ही आपल्या देशात जुळी भावंडे आहेत. म्हणून मी विचारतो, ज्या कामगाराने संपादकासाठी सहा दिवस गिरणी बंद ठेवली, त्या कामगाराच्या नातवंडांना वर्तमानपत्राच्या कचेरीतून एका कागदाच्या चिटोऱ्यावर घालवून देतात, तेव्हा संपादक काय करतो? तो दुसऱ्या दिवशीचा अग्रलेख लिहीत बसतो आणि त्याचा विषय असतो लोकशाहीची मूल्ये!

बंधूंनो, वृत्तपत्रातल्या माणसाची नोकरी म्हणजे पिकल्या पानासारखी होऊ नये, हे स्वतंत्र भारताने फार लवकर ओळखले होते. १९५२ मध्ये नेमलेल्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष. त्या आयोगाच्या अहवालानंतर १९५५ मध्ये श्रमिक पत्रकारांचा कायदा झाला. कामाचे तास चार आठवड्यांत १४४ पेक्षा अधिक असू नयेत, संपादकाला कमी करावयाचे तर सहा महिन्यांची आणि इतर पत्रकाराला कमी करावयाचे तर तीन महिन्यांची आगाऊ सूचना द्यावी, असे त्या कायद्याने ठरविले. मग वेतन ठरविण्यासाठी मंडळ नेमले. त्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती दिवेटिया. मराठी न्यायमूर्तीच्या अहवालातून कायदा उभा राहिला आणि गुजराती न्यायमूर्तीने वेतनाचा आकडा लिहिला! भाषेच्या नावाने कामगाराकामगारांत भिंत बांधू पाहणारांनी हे लक्षात ठेवावे.

मालकांनी ते वेतन सुखासुखी दिले काय? छे! ते न्यायालयात गेले. उद्योगाची देण्याची ऐपत किती हे मंडळाने पाहिलेच नाही, ह्या कारणावरून १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला. परंतु कायदा मोडला नाही. आणि संसदेने त्याच वर्षी दुसरा कायदा करून वेतननिश्चितीचा मार्ग पुन्हा खुला केला. त्यानंतर शिंदे, पालेकर, बच्छावत, मणिसाना, मजिठिया अशी मंडळे आणि न्यायाधिकरणे येत गेली, आणि प्रत्येक वेळी मालकांच्या मुखी तोच जुना अभंग होता: 'ऐपत नाही!' मजिठिया मंडळाची अधिसूचना निघाली नोव्हेंबर २०११ मध्ये. मालक पुन्हा न्यायालयात. फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अर्ज फेटाळले. तरीही पैसे मिळेनात, म्हणून कामगारांनी अवमानाचे अर्ज केले. त्यांचा निकाल जून २०१७ मध्ये लागला. न्यायालयाने सांगितले, कंत्राटी कामगार आणि कायम कामगार असा भेद ह्या वेतनाच्या बाबतीत करता येणार नाही. आणि 'आम्हांला जुनाच पगार चालेल' अशा कागदावर सही घेऊन मालकाला कायद्याहून कमी वेतन देता येणार नाही.

केवढा हा विजय! पण त्याच निकालाची दुसरी बाजूही पाहा. अवमानाचा ठपका मालकांवर ठेवला गेला नाही, आणि ज्याला थकबाकी हवी त्याने कामगार खात्याकडे आणि कामगार न्यायालयाकडे जावे, असे सांगण्यात आले. म्हणजे हक्क सगळ्यांचा आणि लढाई मात्र एकेकट्याची! एका बाजूला वकिलांची फौज बाळगणारी कंपनी आणि दुसऱ्या बाजूला रात्रपाळी करून सकाळी तारखेला जाणारा मुद्रितशोधक. ह्या झुंजीत कायदा कामगाराच्या बाजूने असूनही कॅलेंडर मालकाच्या बाजूने असते.

मग आला २०२० चा टाळेबंदीचा काळ. घराबाहेर पडणे जीवावर बेतणारे होते, तेव्हा वार्ताहर रुग्णालयांच्या दारांत उभे होते, आणि त्याच महिन्यांत देशभर कचेऱ्यांतून कपातीची पत्रे निघत होती, पगार कापले जात होते, आवृत्त्या बंद होत होत्या. दिल्लीच्या आणि मुंबईच्या पत्रकार संघटनांना एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. त्या वर्षाअखेर मुंबईत आणि पुण्यात परिचित इंग्रजी दैनिकांवर पडदा पडला किंवा ती साप्ताहिके झाली. गरज सरो, वैद्य मरो!

आता मालकांची बाजू ऐकू या. कारण न्यायाच्या लढाईत समोरच्याचे म्हणणे ऐकण्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. ते म्हणतात, जाहिराती मोबाइलच्या पडद्यावर गेल्या. खरे आहे. ते म्हणतात, परदेशी कागद महागला आणि २०१९ मध्ये त्यावर १० टक्के आयातकर बसला. तेही खरे, पुढच्याच वर्षी तो निम्म्यावर आला, एवढेच त्यांना सांगावयाचे राहून जाते. धंद्याला ओहोटी लागली आहे, हे मी नाकारीत नाही. माझा प्रश्न निराळा आहे. भरती होती तेव्हा ती कोणाच्या अंगणात शिरली? तेव्हा कोणी खिळे जुळविणाऱ्याला बोलावून 'बाबा रे, ह्या वर्षी नफा झाला, तुझा वाटा घे' असे म्हटले होते काय? नफ्याच्या वर्षी कामगार परका आणि तोट्याच्या वर्षी मात्र तो कुटुंबातला, म्हणून त्यागाचा पहिला मान त्याचा! असले कुटुंब आम्हांला नको.

आणि यंत्राचे म्हणाल, तर यंत्राला आमचा विरोध कधीच नव्हता. जुळारी आपल्या खिळ्यांच्या केशीपुढे उभा राहून आयुष्य काढीत असे. शिशाची धूळ त्याच्या छातीत जाई. संगणकावरची अक्षरजुळणी आली तेव्हा ती धूळ गेली, हे चांगलेच झाले. परंतु धुळीबरोबर जुळारीही गेला. त्याच्या मागोमाग मुद्रितशोधक गेला, आणि आज मराठी व गुजराती पत्रांत शुद्धलेखनाची जी दैना दिसते, ती त्याच्या रिकाम्या खुर्चीची साक्ष आहे. आता बातमीच लिहिणारे यंत्र आले आहे. ते मथळा देईल, भाषांतर करील, गोषवारा काढील. परंतु उधन्याच्या यंत्रमाग कारखान्यात आग लागली तर ते धुरात शिरेल काय? लिंबायतीत खानदेशातून आलेल्या मजुराच्या खोलीत बसून त्याचे म्हणणे ऐकेल काय? बातमी यंत्राच्या पोटी जन्मत नाही, ती माणसाच्या पायांना चालून येते. ते पाय तोडून यंत्राला बातमी लिहावयास सांगणे म्हणजे विहीर बुजवून रहाटाला तेल घालणे आहे.

ह्यात वाचकाचे काय जाते, असे कोणी विचारील. वाचकाचे सर्व काही जाते! ज्याचा करार अकरा महिन्यांचा आहे, तो वार्ताहर बाराव्या महिन्याला भिऊन लिहितो. ज्या कारखानदाराची जाहिरात पत्राला हवी, त्याच्या कारखान्यातील अपघात त्याला लहान दिसू लागतो. कायद्याने वृत्तपत्राला कितीही स्वातंत्र्य दिले, तरी ते उपभोगणाऱ्याची नोकरी टांगणीला असेल, तर ते स्वातंत्र्य फक्त मालकाचे उरते. भिणाऱ्या लेखणीने निर्भय नागरिक घडत नाहीत.

आणि नेमक्या ह्याच वेळी जुने छत्र काढून घेण्यात आले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता अंमलात आल्या, आणि १९५५ चा आमचा कायदा त्यांत विलीन झाला. डिजिटल आणि दूरचित्रवाणीच्या पत्रकारांनाही व्याख्येत स्थान मिळाले, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु वेतन मंडळाची ती जुनी व्यवस्था आता राहिलेली नाही. पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला कपातीपूर्वी सरकारची परवानगी लागत असे. आता ती मर्यादा ३०० वर गेली. संप करावयाचा तर आगाऊ नोटीस, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक माणसांनी ठरवून एकाच दिवशी रजा घेतली तरी तो संपच समजावयाचा! थोडक्यात, मालकाला कमी करण्याची वाट रुंद आणि कामगाराला बोलण्याची वाट अरुंद.

मग करावयाचे काय? रडत बसावयाचे नाही. पहिली गोष्ट, नेमणुकीचे पत्र हाती घेतल्यावाचून कामाला हात लावू नका. नव्या संहितेनेही तो तुमचा हक्क मानला आहे. दुसरी गोष्ट, न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नका. कोऱ्या सहीने जेवढ्या नोकऱ्या गेल्या, तेवढ्या मंदीनेही गेल्या नसतील. तिसरी गोष्ट, उपसंपादकाने स्वतःला बाबूसाहेब समजून छापखान्यातील कामगारापासून दूर बसणे सोडून द्यावे. टेबल निराळे असले तरी कुऱ्हाड एकच आहे. संपादकीय खाते, छपाई, वितरण, कायम, कंत्राटी आणि ओळीवर पैसे घेणारा खेड्यातला वार्ताहर, ह्या सर्वांची एकच संघटना झाली पाहिजे. चौथी गोष्ट, दाव्याला कोणीही एकटे जाऊ नये. एकाची तारीख ती सगळ्यांची तारीख!

पाचवी गोष्ट मी विशेषेकरून येथे सांगतो. तापीच्या खोऱ्यातून भुसावळकडे जाणारी आगगाडी सुरत आणि खानदेश रोज जोडते. २००३ मध्ये गुजराती दैनिक काढणाऱ्या एका उद्योगसमूहाने २०११ मध्ये मराठी दैनिकही काढले. मालकाला भाषेची सीमा आडवी आली नाही, मग कामगाराला ती का यावी? सीमेच्या प्रश्नावर आम्ही आयुष्य वेचले आहे, आणि भाषेचा अभिमान आम्हांला कोणी शिकवू नये. परंतु भाषा जगते ती तिच्यात लिहिणाऱ्याच्या चुलीवर. ती चूल विझली, तर भाषेच्या नावाने किती पताका लावल्या तरी काय उपयोग? म्हणून जळगावच्या कचेरीत कपात झाली तर सुरतेतून आवाज उठला पाहिजे, आणि सुरतेत झाली तर जळगावातून.

आणि वाचकहो, यंत्रमागावर आणि घंटीवर काम करणाऱ्या माझ्या भावांनो, तुमच्याकडेही माझे एक मागणे आहे. १९०८ मध्ये तुमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने एका संपादकासाठी सहा दिवस दिले. मी तुमच्याजवळ सहा दिवस मागत नाही. सकाळी दारात पडलेले पत्र उचलाल, तेव्हा एवढेच विचारा: हे ज्याने लिहिले, ज्याने छापले आणि पहाटे ज्याने सायकलवरून आणून टाकले, त्याला महिनाअखेर पुरा पगार मिळतो काय? हा प्रश्न पत्र टाकून मालकाला विचारा, सभेत विचारा, निवडणुकीला दारी येणाऱ्या उमेदवाराला विचारा. बातमी छापणाऱ्याची बातमी वर्तमानपत्र छापीत नसेल, तर ती तुमच्या तोंडून गावभर झाली पाहिजे!